सोप्या वाटांची मोजणी

१४ मार्च, गुरुवार

निवृत्त होऊन पाच महिने झाले आणि आज पुन्हा मला कुणीतरी काहीतरी मोजायला सांगितलं. तळ्याच्या कार्यालयातल्या साहेबांनी बोलावलं होतं. गेल्या उन्हाळ्यात एक कुटुंब साध्या सपाता घालून धबधब्याकडे गेलं आणि अंधार पडेपर्यंत कड्यावर अडकून बसलं. तेव्हापासून साहेबांना वरून बोलणी खावी लागताहेत. आता नवख्या माणसांसाठी सहा सोप्या वाटा निवडायच्या. प्रत्येकीचं अंतर, चढ आणि लागणारा वेळ लिहायचा. जूनच्या आत पुस्तिका छापायची. चौतीस वर्षं सरकारी मोजणीदार म्हणून हेच डोंगर पालथे घातलेत. मी खुर्चीत टेकायच्या आधीच हो म्हणालो.

साहेब म्हणाले, "एकच अडचण आहे. तुम्हाला जे सोपं वाटतं, त्याने इतरांच्या तोंडाला फेस येतो. सोबत कुणीतरी अगदी नवखं घ्या."

घरी सांगितलं तर ही ताटल्या पुसता पुसता म्हणाली, "मग मला न्या की. माझ्याइतकी नवखी पंचक्रोशीत मिळायची नाही. लग्नाला तेहतीस वर्षं झाली, राहतो तळ्याच्या तोंडाशी, आणि त्याला अजून अर्धा वळसा घातलेला नाही."

मला हसू आलं. ती हसली नाही. कपाटातून तिने जुना सदरा काढला आणि हा चालेल का, म्हणून विचारलं.

१७ मार्च, रविवार

पहिली वाट: धक्क्यापासून काठाकाठाने लाकडी पुलापर्यंत. दोन किलोमीटर आठशे मीटर, चढ नाहीच. माझा वेळ अडतीस मिनिटं, हिचा छप्पन्न. बदकं बघायला चार वेळा थांबली. चारही वेळा बदकं तीच होती.

हिला काल नवे बूट घेतले. मापून घेतले, त्यामुळे तक्रारीला जागा नाही.

२१ मार्च, गुरुवार

ही दुपारी शिंपिणीकडे गेली, लांब कोट आखूड करून घ्यायला. मी नकाशे स्वच्छ केले.

२६ मार्च, मंगळवार

दुसरी वाट, जुन्या पाणचक्कीची. साठ मीटर चढ, तोही सावकाश. वाटेत हिच्या बुटाची नाडी पाच वेळा सुटली. दर वेळी खाली बसायचं, नाडी बांधायची, मग तिथेच थोडं बसून राहायचं. शेवटी मी म्हणालो, "दुहेरी गाठ मार ना!" ती म्हणाली, "मारते हो. तुम्ही व्हा पुढे, तुमचं घड्याळ थांबायचं नाही."

चक्कीपाशी ती दगडावर बसली आणि म्हणाली, इथे एक बाक हवा. त्याच्या अलीकडे दोनशे पावलांवर आणखी एक हवा. आणि त्याच्याही अलीकडे एक. मी म्हणालो, ही वाट आहे, रेल्वेचा फलाट नाही. पण नोंद केली. नवख्यांचं मत म्हणून.

लेकीचा फोन आला. तिकडच्या शहरात राहते, दर आठवड्याला करते. ही फोन घेऊन आतल्या खोलीत गेली. नंतर लेक माझ्याशी बोलली तेव्हा म्हणाली, "बाबा, आईला फार चालवू नका." जणू मी हिला औताला जुंपलंय.

२ एप्रिल, मंगळवार

बूट घट्ट होतात अशी हिची तक्रार. सकाळी बसतात, दुपारनंतर चावतात. दुकानात जाऊन मी दुकानदाराला चांगलं फैलावर घेतलं: मापून घेतलेले बूट पंधरा दिवसांत आखडतात कसे? तो म्हणाला, "काका, बूट आखडत नाहीत. या वयात पाऊल वाढत नाही, सुजतं." स्वतःचा माल खराब निघाला की लोक गिऱ्हाइकाच्या पायाला नावं ठेवतात. एक माप मोठे बदलून आणले.

तिसरी वाट, धबधब्याची, अर्ध्यातच सोडली. ऊन फार होतं, असं ही म्हणाली. मला तरी तसं वाटलं नाही.

५ एप्रिल, शुक्रवार

आज एक कोडं पडलंय.

पहिली वाट पुन्हा चाललो, कारण साहेबांना सुरुवात धक्क्याऐवजी वाहनतळापासून हवी होती. फरक शंभर मीटरचा. हिचा वेळ एक तास अकरा मिनिटं! वाट तीच, वारा नाही, जमीन कोरडी. सरावाने माणसाचा वेळ कमी होतो. चौतीस वर्षांत नव्या पोरांना डोंगरावर घेऊन जाताना मी हेच पाहिलंय. हिचा वाढतोय. घड्याळ घरच्या भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं. बरोबर चालतंय.

मग ध्यानात आलं की हिला मोजणीचं गांभीर्यच नाही. फिरायला आल्यासारखी चालते. रागाने बोलून दाखवलं. ती म्हणाली, "पुढच्या वेळी लवकर चालेन." मला जरा वाईट वाटलं, पण काम ते काम.

१० एप्रिल, बुधवार

चौथी वाट, मेंढरांच्या कुरणाची. आजचा दिवस चांगला गेला.

निघतानाच ही म्हणाली, "आज तुम्ही बोला. तंबूतल्या गोष्टी सांगा. इतकी वर्षं बाहेर काय करत होतात ते मला कधी कळलंच नाही." सुरुवातीला सुचेना. मग सांगायला लागलो: अस्वलाने आमची साखर पळवली तो किस्सा; धुक्यात तीन दिवस एकाच खांबाभोवती फिरत होतो तो; लेक जन्मली त्याची तार अकरा दिवसांनी पोचली आणि मी खडकावर बसून रडलो होतो, तेही. हे मी कधी कुणालाच सांगितलेलं नाही.

दोन तास बोललो असेन. ती मधे एक शब्द बोलली नाही, इतकी रंगून ऐकत होती. फक्त मान हलवायची, आणि एक हात माझ्या दंडाला धरलेला. वर पोचल्यावर तिचे डोळे भरून आले होते. ओठ गारठ्याने निळसर पडले होते, म्हणून माझी शाल दिली.

हल्ली ती तीन उशा घेऊन जवळजवळ बसूनच झोपते. वाचता वाचता डोळा लागतो म्हणे. पुस्तक मात्र महिनाभर त्याच पानावर आहे.

१६ एप्रिल, मंगळवार

धबधब्याची अर्धवट राहिलेली वाट शनिवारी पुरी केली आणि आज साहेबांना चार वाटांचा तक्ता दाखवला. माझे वेळ आणि हिचे वेळ, शेजारी शेजारी. ते म्हणाले, "काकूंचे वेळ छापले तर कुत्रं फिरकायचं नाही इथे. 'सोपी वाट' आणि पाऊण तासाच्या ठिकाणी सव्वा तास?" मी म्हणालो, ती जरा जास्तच रमतगमत चालते. शेवटी माझ्या वेळात दहा मिनिटं मिळवून लिहायचं ठरलं. बाहेर आलो तेव्हा मनाला काहीतरी टोचत होतं. मोजलेला आकडा खोडून ठरवलेला आकडा लिहिणं हे मी नोकरीत कधी केलं नाही. पण तिचा आकडा तरी खरा मानायचा कसा?

ही अजून शिंपिणीकडे जातेच आहे. चार गुरुवार झाले. कोट शिवताहेत की विणताहेत, कोण जाणे.

२२ एप्रिल, सोमवार

ही दवाखान्यात आहे. शुद्धीवर आली आहे. पाचव्या वाटेचं काम राहिलं.

२४ एप्रिल, बुधवार

मोठ्या दवाखान्यात आणलंय. तिच्या खाटेशेजारच्या लोखंडी स्टुलावर बसून लिहितोय. ती झोपली आहे, नाकाला नळी.

डॉक्टरबाई म्हणाल्या, हृदयातली एक झडप अरुंद झाली आहे. दार पुरतं उघडत नाही, त्यामुळे रक्त पुढे जायला अडतं. शस्त्रक्रिया करावी लागेल, लवकर. मग म्हणाल्या, "हे त्यांना फेब्रुवारीतच सांगितलं होतं. तळ्याकाठच्या आमच्या दवाखान्यात दर गुरुवारी तपासणीला येत होत्या ना!"

गुरुवारी.

मी मान हलवली, जणू मला माहीत होतं.

दुपारी लेक आली. बॅगही न ठेवता विचारलं, "काय झालं नक्की?" मी सांगितलं, चालता चालता आईला चक्कर आली आणि ती पडली. "तुम्ही कुठे होतात?" मी म्हणालो, "शेजारीच." हिचे डोळे मिटलेले होते. मला वाटलं झोपली आहे. ती तशीच, डोळे न उघडता म्हणाली, "हे होते म्हणून वाचले गं."

२५ एप्रिल, गुरुवार

निदान इथे तरी खरं लिहायला हवं.

सोमवारी आम्ही नावेने पल्याडच्या काठाला गेलो. नावाडी नावेतच थांबला. वाट काठापासून वर टेकाडावर जाते. नऊशे मीटर, चढ ऐंशी मीटर. सहाशे मीटरवर ही थांबली. या वेळी नाडीचं निमित्त केलं नाही. एका पडलेल्या झाडावर बसली, छातीवर हात ठेवला आणि म्हणाली, "मला नाही जमायचं. तुम्ही जाऊन या, मी बसते."

तिचा चेहरा मेणासारखा झाला होता. हे मी पाहिलं. दिसलं नव्हतं असं म्हणता येणार नाही. पण माझ्या मनात आलं ते असं: तीनशे मीटर राहिलेत, मोजणी अर्धवट राहील, पुन्हा नावेची खेप करावी लागेल. मी म्हणालो, "आलोच." आणि गेलो. वर जाऊन अंतर लिहिलं, उंची लिहिली, दिसणारी शिखरं लिहिली. उतरताना वाकडी वाट करून झऱ्याचं पाणीही चाखून आलो, पिण्याजोगं आहे का ते नोंदवायला. सव्वीस मिनिटं.

परत आलो तेव्हा ती झाडाच्या अलीकडे एका कुशीवर पडली होती. गालाला माती. मी हाक मारली, उत्तर नाही. श्वास होता, पण इतका बारीक की कान लावून ऐकावा लागला. तिला सोडून खाली जायची हिंमत होईना. शिट्टी वाजवत राहिलो. नावाड्याने ऐकली, तो ताडपत्री आणि दोन वल्ही घेऊन धावत आला. ज्या वाटेला मी 'सोपी' लिहिणार होतो, तिथून एका बाईला दोघांनी खाली आणायला पाऊण तास लागला. दोनदा माझा पाय घसरला. एकदा ती ताडपत्रीसकट माझ्या हातून निसटली.

नावेत ती शुद्धीवर आली आणि पहिलं वाक्य बोलली: "झाली का मोजणी?"

टोमणा नव्हता. खरंच विचारत होती.

२९ एप्रिल, सोमवार

डॉक्टरबाईंनी विचारलं, त्रास कधीपासून वाढला, किती चालल्यावर दम लागत होता, काही सांगता येईल का? मी ही वही त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी पानं उलटली. छप्पन्न मिनिटं, एक तास अकरा. पाच वेळा नाडी. बाकांची अंतरं. बूट. उशा. निळसर ओठ. बराच वेळ वाचत होत्या.

"इतकं बारकाईने कुणीच लिहून आणत नाही," त्या म्हणाल्या. मग वही माझ्या हातात देताना हळूच म्हणाल्या, "आधी आणायला हवी होती."

संध्याकाळी हिच्याशी बोललो. म्हणालो, मला सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतं?"

"घरी बसवलं असतं तुला."

"आणि स्वतः?"

याचं उत्तर तिनेच दिलं. "तुम्ही दुसरं कुणीतरी नवखं शोधलं असतं. मोजणी थांबली नसती. अहो, मी तक्रार करत नाही. पण इतकी वर्षं तुम्ही डोंगरात आणि मी खिडकीत. पहिल्यांदाच बरोबर न्यायला तयार झालात. ते मी एका झडपेपायी सोडणार होते होय?"

"मेली असतीस!"

"ते काय मला कळत नव्हतं?" ती म्हणाली. "भीती वाटायची. दर वेळी परत येताना वाटायचं, या खेपेला सुटले. आणि खरं सांगू? चाकूचीही भीती वाटत होती. टाळत होते मी. तुमच्यावर सगळं ढकलायचं नाही."

मग मी तिला विचारलं, लेकीपुढे खोटं का बोललीस. ती म्हणाली, "ती तुम्हाला माफ करणार नाही. मी स्वतःला ओळखते तशी तिलाही ओळखते." आणि कूस वळवून झोपली.

३ मे, शुक्रवार

सकाळी साडेसातला आत नेलं. मोजायचं नाही असं ठरवलं होतं. तरी मोजलं: पाच तास दहा मिनिटं. लेक समोरच्या बाकावर होती. मधे तिने मला पावाचा तुकडा आणि उकडलेलं अंडं दिलं, सोलून. लहान असताना मी घरी आलो की ती माझ्यापासून लांब उभी राहायची, परका पाहुणा असल्यासारखी. आज अंडं सोलून दिलं.

झडप बसली आहे. दोन दिवस धोक्याचे.

५ मे, रविवार

धोका टळला म्हणतात. हिने काहीही मागितलं तरी आणून द्यावं असं मला वाटत होतं, आणि हिने मागितला कंगवा.

९ मे, गुरुवार

लेकीला सांगितलं.

ती उद्या परत जाणार, म्हणून आज तिकीट काढायला बसस्थानकावर तिच्यासोबत गेलो. रांगेत उभे होतो. ती म्हणाली, "बाबा, मी फेब्रुवारीपासून सगळं जाणून होते. आईने शपथ घातली होती. रोज वाटायचं तुम्हाला सांगावं. पण तुम्ही सोबत असता एवढाच धीर होता."

त्यावर गप्प राहून चाललं नसतं. म्हणालो, "मी सोबत नव्हतो. ती बसली होती, तिचा रंग उडालेला मी पाहिला, आणि तिला एकटी ठेवून वर गेलो. सव्वीस मिनिटं."

मागच्या माणसाने, पुढे सरका, म्हणून सांगितलं. ती सरकली, तिकीट घेतलं, सुटे पैसे नीट पाकिटात ठेवले. मग म्हणाली, "तुम्ही आमच्या बाबतीत नेहमी हेच केलंत. 'बसा, आलोच' म्हणत निघून जायचं." आणि मला तिथेच सोडून दवाखान्याकडे चालू लागली. मी मागून गेलो, पन्नास पावलं अंतर ठेवून.

हिला रात्रीच्या आत कळलंच. म्हणाली, "कशाला सांगितलंत? मी निभावून नेलं असतं."

म्हणालो, "तू खूप निभावलंस. हे माझं मला निभावू दे."

१५ मे, बुधवार

घरी आलो. ही खिडकीजवळच्या खाटेवर. स्वयंपाक मी करतो. तिच्या मते माझं सूप म्हणजे गरम पाण्याला मिठाची ओळख.

साहेबांना भेटलो. तक्ता पुन्हा पुढे ठेवला: प्रत्येक वाटेला हिचा वेळ. कुठे बसता येतं, कुठून माघारी फिरता येतं, कुठे फोन लागत नाही, पडलेल्या माणसाला खाली आणायला किती वेळ लागेल. पाचवी वाट काढून टाकली. सहावी मोजलेली नाही आणि मोजणार नाही. साहेब म्हणाले, "काका, आपण लोकांना बोलावतोय की घाबरवतोय? आणि काकू तर आजारी होत्या. आजारी माणसाचे वेळ छापायचे का?"

"आजारी आहोत हे सगळ्यांना ठाऊक नसतं," मी म्हणालो. "आणि शेजारी चालणाऱ्याला तर मुळीच नसतं."

त्यांनी कागद ठेवून घेतले. छापतील की नाही, सांगता येत नाही. नाही छापले तर माझं नाव घालू नका एवढं लिहून दिलं.

लेकीचा फोन नाही. म्हणजे येतो, पण तिच्या आईला. मी उचलला तर, "आईला द्या."

२८ मे, मंगळवार

साहेबांकडून अजून काही कळलेलं नाही.

डॉक्टरबाईंनी आता रोज थोडं चालायला सांगितलंय. आज ही शेजारणीच्या भिंतीपर्यंत गेली. मधेच थांबून उघड म्हणाली, "थांबा, दम लागला." मी थांबलो. आम्ही भिंतीवर बसलो. शेजारण बाहेर आली, तिच्या दाढेचं दुखणं सांगत बसली. ते संपायला हिच्या दमापेक्षा जास्त वेळ लागला.

संध्याकाळी फोन वाजला. मी उचलला. लेक. मी सवयीने म्हणालो, "देतो हं आईला."

"थांबा," ती म्हणाली. तिच्या घरात कुठेतरी नळ चालू होता, तो मला ऐकू येत होता. मग म्हणाली, "बाबा, आई आज किती चालली?"

पावलं मला माहीत होती. जातानाची एकशे बारा, येतानाची एकशे अठरा. जिभेवर आली होती.

"तिलाच विचार," मी म्हणालो. "तीच नीट सांगेल. मी इथेच बसतो."

फोन हिच्या हातात दिला आणि खाटेच्या कडेला बसलो. ही बराच वेळ बोलत होती, दोनदा हसली, एकदा डोळे पुसले, आणि मधे माझ्याकडे बघून लेकीला काहीतरी सांगितलं. मी सगळं ऐकलं. इथे लिहीत नाही.